क्रिकेटला शिव्या देऊन कबड्डी वाचत नाही

सोयाबीन निघालं, कापसाची वेचणी उरकत आली की आपल्या जिल्ह्यात एक वेगळाच हंगाम सुरू होतो. परतूर असो की भोकरदन, मंठा असो की घनसावंगी, चौकाचौकात एकच फ्लेक्स : 'भव्य टेनिस बॉल क्रिकेट स्पर्धा'. वर नेत्यांचे फोटो, खाली कार्यकर्त्यांचे, मधे बक्षिसाचा आकडा. कुठं पहिलं बक्षीस ५१ हजार, कुठं त्याहून मोठं. मैदानावर मंडप, माईकवर मराठी-हिंदी मिक्स कॉमेंट्री, यूट्यूबवर लाइव्ह. निवडणूक जवळ असली की चषकही वाढतात.

आणि फ्लेक्स लागले की ग्रुपवर दरवर्षीचा वाद सुरू. जुनी माणसं म्हणतात, क्रिकेटनं आपली कबड्डी खाल्ली, खो-खो खाल्ला, तालमी ओस पाडल्या. पोरं म्हणतात, काका, आम्ही खेळतोय तर खेळू द्या, कमीत कमी मोबाईल तरी खाली ठेवलाय. दोन दिवस तू-तू मैं-मैं होते, मग कोणीतरी गुड मॉर्निंगचा फोटो टाकतो आणि विषय संपतो.

मला वाटतं, दोन्ही बाजू चुकीच्या जागी भांडतायत. म्हणून जरा सविस्तर लिहितोय. वेळ काढून वाचा.

सगळ्यात आधी, क्रिकेटचा राग करायचं मला काही कारण दिसत नाही. आपल्या जालन्याचा विजय झोल २०१४ च्या १९ वर्षांखालील विश्वचषकात भारताचा कर्णधार होता. त्याआधी कूचबिहार ट्रॉफीत महाराष्ट्राकडून त्यानं आसामविरुद्ध नाबाद ४५१ धावा केल्या होत्या. मोसंबी, बियाणं आणि सळई यासाठी ओळखल्या जाणाऱ्या जालन्याचं नाव त्या पोरानं खेळाच्या पानावर नेलं. शेजारच्या बीडचा सचिन धस २०२४ च्या १९ वर्षांखालील विश्वचषकात खेळला. मराठवाड्यातल्या पोराला हा रस्ता दिसला, ही चांगलीच गोष्ट आहे.

पण एक प्रश्न विचारा. हे खेळाडू ज्या क्रिकेटमधून वर आले, ते आणि आपल्या चौकातल्या फ्लेक्सवरचं क्रिकेट, हे एकच आहे का? नाही. तिकडं लेदरचा बॉल लागतो, नीट खेळपट्टी लागते, प्रशिक्षक लागतो, वर्षानुवर्षं रोजचा सराव लागतो. इकडं चार-सहा ओव्हरची मॅच, आडवा दांडा आणि रात्री बक्षीस वाटप. २०२४ पासून टेनिस बॉलचीही मोठी लीग सुरू झालीय, पण तिथं पोचणारी पोरं बोटावर मोजण्याइतकी. म्हणजे लाखो रुपये खर्चून गावोगाव जे चाललंय, त्यातून क्रिकेटपटूही फारसे घडत नाहीत. मजा येते, गर्दी जमते, फोटो निघतात. मजेला माझी ना नाही. फक्त तिला 'क्रीडा विकास' म्हणू नका.

आता दुसरी बाजू. देशी खेळांना प्रेक्षकच राहिले नाहीत, असं म्हणणाऱ्यांनी डिसेंबर २०१८ आठवावा. महाराष्ट्र केसरी आपल्या जालन्यात झाली होती, आझाद मैदानावर. अंतिम कुस्तीत बुलडाण्याच्या बाला रफिक शेखनं पुण्याच्या अभिजित कटकेला हरवलं. त्या गर्दीत तालमीची पायरी कधी न चढलेली माणसंही होती आणि पटावर पकड बसली की तीही उठून उभी राहत होती. आवड मेलेली नाही. पण केसरी झाली, मंडप निघाला, माती उचलली. त्यानंतर तुमच्या गावात नवी तालीम निघाली का? निघाली असेल तर खाली लिहा, मला खरंच आनंद होईल.

कबड्डी घ्या. २०१४ ला प्रो कबड्डी सुरू झाली तेव्हा सगळे म्हणाले, आता कबड्डीला दिवस आले. आलेही. पवन सेहरावतला २०२३ च्या लिलावात २ कोटी ६० लाखांच्या वर बोली लागली. पुढच्या वर्षी आयपीएलच्या लिलावात ऋषभ पंतला २७ कोटी मिळाले, म्हणजे फरक दहापटीचा आहे. पण २ कोटी ६० लाख हीसुद्धा आपल्याकडच्या घरात ऐकायला न मिळणारी रक्कम आहे. अडचण पैशाची नाही. ती लीग मॅटवर खेळली जाते आणि आपली पोरं मातीवर. टीव्हीवर कबड्डी पाहणारे वाढले, पण गावात रोज संध्याकाळी पाले मारणारे तेवढे वाढले नाहीत. टीव्हीनं प्रेक्षक तयार होतो. खेळाडू मैदानातच तयार होतो, आणि त्याला रोज हाक मारणारं कोणीतरी लागतं.

हा वाद फक्त आपलाच आहे असंही नाही. तिकडं आयर्लंडमध्ये हेच चाललंय. त्यांचे दोन जुने खेळ : काठीनं चेंडू मारायचं हर्लिंग आणि गेलिक फुटबॉल. इंग्रजांचे खेळ आपले खेळ गिळतील, या काळजीनं १८८४ मध्ये तिथं एक संघटना उभी राहिली. त्यांनी नियमच केला की आमच्या सभासदानं रग्बी, सॉकर, क्रिकेट यांसारखे परके खेळ खेळायचे नाहीत, बघायचेही नाहीत. ही बंदी १९७१ पर्यंत चालली. मग उठवली. पुढं २००७ मध्ये डब्लिनच्या क्रोक पार्कवर, म्हणजे त्यांच्या पंढरीतच, आयर्लंड-इंग्लंड रग्बी सामना झाला आणि आयर्लंडनं तो ४३-१३ असा जिंकला. आज तिथं रग्बीची क्रेझ जोरात आहे, आयर्लंडचा संघ २०२२ मध्ये जागतिक क्रमवारीत पहिला झाला. मग जुने खेळ संपले का? नाही. अंतिम सामन्याला तेच क्रोक पार्क ८२ हजार माणसांनी भरतं, आणि खेळणाऱ्याला त्याचा पगार मिळत नाही!

कारण काय? बंदी तर केव्हाच गेली. कारण हे, की तिथं जवळपास प्रत्येक गावाचा आपला क्लब आहे, त्याचं मैदान आहे, आणि माणूस जन्मतो त्या गावासाठी खेळतो. आई-बाप पोरांना शिकवायला तिथंच उभे असतात. आणि मुली? हर्लिंगचा मुलींचा खेळ, कॅमोगी, तिथं १९०४ पासून आहे. म्हणजे अर्धं गाव बाहेर ठेवून त्यांनी खेळ चालवला नाही.

आपल्याकडंही खेळ असेच वाढले होते. खो-खोचे नियम पुण्याच्या डेक्कन जिमखान्यानं १९१४ मध्ये बांधले. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानं कबड्डी जगाला दाखवली. मंडळं होती, तालमी होत्या, व्यायामशाळा होत्या. आपला जिल्हा तर समर्थांच्या जांबेचा. बलोपासनेवर भाषणं आपल्याला कोणी शिकवायची गरज नाही. भाषणं भरपूर झाली. मंडळं मात्र आता दहा दिवसांच्या गणपतीपुरती आणि चार दिवसांच्या चषकापुरती उरली.

आता माझ्या खऱ्या मुद्द्यावर येतो. त्या क्रिकेटच्या मैदानावर एकदा डोळे उघडे ठेवून बघा. बॅटिंग करणारी पोरं, बॉलिंग करणारी पोरं, झाडाखाली बसलेली पोरं, ट्रॅक्टरवर उभी पोरं, माईकवरही पोरंच. मुली कुठं आहेत?

खो-खो आणि कबड्डी हे शाळेच्या मैदानावरचे असे खेळ होते, ज्यात मुली मुलांच्या बरोबरीनं होत्या. त्याला बॅट लागत नाही, पॅड लागत नाही, नवी बूट-जोडी लागत नाही. चुन्याची एक पिशवी आणि दोन खांब झाले की खो-खो सुरू. मग शाळेच्या मैदानात मधोमध सिमेंटची पट्टी येते, खांब अडचण म्हणून उपटले जातात, आणि संध्याकाळी मैदान मोठ्या पोरांचं होतं. कबड्डीतला किंवा खो-खोतला पोरगा निदान क्रिकेटकडं वळतो. पोरगी घराकडं वळते. क्रिकेट वाढल्याचं नुकसान मोजायचं असेल तर इथं मोजा.

कोणी म्हणेल, मुलींनीही क्रिकेट खेळावं की. जरूर खेळावं. सांगलीची स्मृती मानधना आहेच. २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत भारताच्या मुलींनी विश्वचषक जिंकला, तेव्हा आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवले. त्याच महिन्यात, २४ तारखेला, ढाक्यात भारताच्या मुलींनी कबड्डीचा विश्वचषकही जिंकला. तो स्टेटस किती जणांनी ठेवला? आणि जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. महिलांनी नेपाळला ७८-४० असं हरवलं. त्या संघाची कर्णधार प्रियांका इंगळे, मूळची आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्यातली. पुरुष संघाचा कर्णधार प्रतीक वाईकर, तोही महाराष्ट्राचाच.

धाराशिवची सारिका काळे आठवा. हलाखीच्या घरातली मुलगी. २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकणाऱ्या खो-खो संघाची ती कर्णधार. २०२० ला अर्जुन पुरस्कार मिळाला आणि खेळाच्या जोरावर ती शासनाची क्रीडा अधिकारी झाली. धाराशिव काही श्रीमंत जिल्हा नाही, दुष्काळ त्यांच्याकडंही आहे. पण तिथं मैदान होतं आणि त्या मैदानावर रोज मुलींना हाक मारणारी माणसं होती. जालन्यात पोरींच्या पायात कमी दम आहे का? पहाटे रस्त्याच्या कडेनं पोलीस भरतीसाठी धावणाऱ्या पोरी बघा. आठशे मीटरसाठी, गोळाफेकीसाठी झटतायत, ट्रकच्या उजेडात जीव मुठीत धरून. मैदान असताना रस्त्यावर का धावायचं त्यांनी? आठवीपासून खो-खो खेळलेल्या मुलीला तो दम वेगळा कमवावा लागत नाही. वर सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, दहावी-बारावीला वाढीव गुण आहेत.

आणखी एक गोष्ट, जी बोलायला जड जाते. बालविवाहाचं प्रमाण जास्त असलेल्या जिल्ह्यांमध्ये आपलं नाव येतं. जिल्हा संघात निवड झालेली, विभागाला खेळायला जाणारी चौदा-पंधरा वर्षांची मुलगी घरात 'खेळाडू' असते. बापाकडं चार लोकांना सांगायला एक कारण असतं. खेळानं सगळी लग्नं थांबतील असं मी म्हणत नाही. पण एकदोन वर्षं पुढं ढकलली, तरी त्या मुलीचं आयुष्य बदलतं.

म्हणून क्रिकेट बंद करा, असं मी म्हणणार नाही. आयर्लंडची बंदी टिकली नाही, आपली एक दिवस टिकणार नाही. मागणी साधी आहे.

आयोजक मंडळींनो, यंदाच्या बक्षिसातला अर्धा हिस्सा मुलींच्या खो-खो किंवा कबड्डीला ठेवा. तोच मंडप, तोच माईक, तेच यूट्यूब, आणि अंतिम सामना त्याच संध्याकाळी क्रिकेटच्या फायनलच्या आधी. दुपारी बारा वाजता उन्हात उरकून टाकायचा नाही. फ्लेक्सवर फोटो तुमचाच राहील, काळजी करू नका.

सरपंच, सदस्यांनो, खो-खोला २७ बाय १६ मीटर जागा लागते, महिलांच्या कबड्डीला १२ बाय ८. क्रिकेटच्या मैदानाचा एक कोपरा झाला. तो ग्रामसभेत ठराव करून कायमचा आखून द्या आणि संध्याकाळचा एक तास मुलींचा ठेवा. ग्रामपंचायतीच्या उत्पन्नातले १० टक्के महिला-बालकल्याणावर खर्च करायचेच असतात. त्यातून खांब बसवायला, मॅट घ्यायला कोणाची हरकत असेल?

आणि शाळा. शिक्षण हक्क कायद्यात प्रत्येक शाळेला मैदान सांगितलंय, सहावी ते आठवीत शंभरावर मुलं असतील तर शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन निदेशकही सांगितलाय. आपल्या गावच्या शाळेत तो आहे का, हे शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत विचारा. नसेल तर कधी येणार, हे लेखी मागा. वर्गखोलीच्या रंगाबद्दल आपण विचारतो, मग पीटीच्या तासाबद्दल का नाही?

यंदा तुमच्या गावच्या स्पर्धेच्या फ्लेक्सवर मुलींच्या खो-खोची किंवा कबड्डीची ओळ दिसली, तर फोटो काढून मला पाठवा. गाव, तारीख आणि आयोजकाचं नाव टाकून मी या पेजवर लावीन. कोणत्याही पक्षाचा चषक असला तरी.