नऊ महिन्यांची हळद



शाळा सुरू व्हायला आता थोडेच दिवस राहिले. सुट्टीत आंबे खाऊन झाले असतील, मामाच्या गावाला जाऊन झालं असेल, टीव्ही आणि मोबाइल तर झालेच असतील! बरं, एक विचारू? तुमच्या घरात असं काय आहे, जे फक्त तुमच्यामुळे जगलं आहे?

आठवत नाही ना? मग माझ्या भाचीची गोष्ट ऐका.

माझी ताई हिंगोली जिल्ह्यातल्या कळमनुरीला असते. घरात ताई, दाजी, दाजींची आई आणि दोन मुलं. भाची सहावीत, तिचा भाऊ दुसरीत. कयाधू नदी याच तालुक्यातून वाहते. पैनगंगेवरचं मोठं इसापूर धरणही तसं जवळच. पण धरण जवळ आहे म्हणून अंगणातली बादली काही आपोआप भरत नाही, बरं का! उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या पुढे गेला की घरातलं पाणी मोजूनमापून वापरावं लागतं.

अशा या घरात दाजींनी एकदा मोठ्या हौसेनं सहा गुलाब आणले. "पोरांनो, हे तुमचे. तुम्हीच सांभाळायचे," असं सांगितलं. पण कुंड्या कोणी भरल्या? दाजींनी. खत कोणी घातलं? दाजींनी. पाणी? तेही दाजींनीच, कारण सकाळी मुलांची शाळेची घाई. भाचीनं पाण्याचा डबा उचलला की लगेच, "अगं, एवढं नको, सांडशील!" मग एप्रिलमध्ये सगळे लग्नाला गेले, आठ दिवसांनी परत आले, तर कुंड्यांत सहा काड्या उभ्या!

"या पोरांना झाडांची आवडच नाही," दाजी म्हणाले.

भाची हळूच म्हणाली, "पण बाबा, ते आमचे होते कधी?"

दाजी गप्प. मी तेव्हा तिथंच होतो. मलाही काही बोलता आलं नाही.

त्या जूनमध्ये आजींनी एक युक्ती केली. नात्यातल्या एकांच्या शेतातून त्यांनी हळदीचे तीन कंद आणले, चांगले जाडजूड, डोळे फुटू लागलेले. हिंगोली जिल्हा म्हणजे हळदीचा मुलूख. इथल्या वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे 'ही हळद या भागाची' असं सरकारदरबारी नोंदलं गेलं. भाचीनं हळदीच्या राशी पाहिल्या होत्या, वाळत घातलेली हळद पाहिली होती. पण हळद उगवताना? कधीच नाही!

आजींनी दोन अटी घातल्या. पहिली अट नातीला: पिण्याच्या पाण्याला हात लावायचा नाही. दुसरी अट मुलाला, म्हणजे आपल्या दाजींना: "तू गोणीला हात लावायचा नाहीस!"

झालं, काम सुरू. खताची एक रिकामी गोणी घेतली, धुऊन काढली, बुडाशी आठ-दहा भोकं पाडली. आता माती. कळमनुरीकडची माती काळी, कसदार. पण ती पाणी धरून ठेवते, आणि वाळली की आवळते, तिला भेगा पडतात. नुसती काळी माती भरली तर कंद कुजण्याची भीती. म्हणून एक घमेलं माती, एक घमेलं वाळू आणि एक घमेलं जुनं, कुजलेलं शेणखत असं कालवलं. गोणी हातभर उंच भरली. चार बोटं खोल, एकमेकांपासून वीतभर अंतरावर तीन कंद पुरले. गोणी भिंतीच्या कडेला ठेवली. तिथं दुपारनंतर सावली येते, आणि हळदीला थोडी सावली चालते.

आणि पाणी? भाचीनं मोरीजवळ एक जुनी बादली ठेवली. तांदूळ धुतले, डाळ धुतली, भाजी धुतली की ते पाणी त्या बादलीत. संध्याकाळी तिनं मोजलं, तर चार तांबे भरले! रोज चार तांबे पाणी आजवर मोरीतून वाहून जात होतं. (दोस्तांनो, साबणाचं आणि मिठाचं पाणी मात्र कुंडीत घालू नका हं.)

आठ दिवस झाले, काही नाही. पंधरा दिवस झाले, काही नाही. विसाव्या दिवशी धाकट्या बंधुराजांना धीर निघेना. त्यांनी बोट घालून माती उकरली. आत पांढराशुभ्र कोंब येतच होता. तो कट्कन मोडला! केवढं रडणं, केवढं भांडण! भाचीचा मला फोन आला, "मामा, यानं माझी हळद मारली!" मी म्हटलं, "अगं, थांब. कंदाला एकच डोळा नसतो." खरंच, बारा दिवसांनी त्याच कंदाच्या दुसऱ्या डोळ्यातून हिरवी सुरळी वर आली. त्या दिवसापासून बंधुराज गोणीचे पहारेकरी झाले. मांजर जरी फिरकलं तरी "हड्!"

श्रावणात पानं चांगली गुडघ्याएवढी झाली. पण एकदा झड लागली आणि गोणीत पाणी साचलं. भोकं मातीनं बुजली होती. खालची पानं मलूल दिसायला लागली. दाजींना ते आधीच दिसलं होतं. त्यांचे हात शिवशिवत होते. पण आजींचा डोळा त्यांच्यावर! शेवटी संध्याकाळी भाचीच्याच लक्षात आलं. तिनं एक काडी घेऊन भोकं मोकळी केली, गोणीखाली दोन विटा सरकवल्या. पाणी निघून गेलं. दाजी मला नंतर म्हणाले, "तो एक दिवस गप्प बसणं मला सहा कुंड्या भरण्यापेक्षा जड गेलं."

दिवाळी झाली. मग थंडी पडली आणि पानं पिवळी पडू लागली. जानेवारीत तर वाळायलाच लागली. पुन्हा फोन. "मामा, मी रोज पाणी घालते तरी मरायलीय ही! माझं काय चुकलं?" मागून आजींचं हसू ऐकू आलं. "येडे, मरत नाही ती. तयार झाली! पाणी बंद कर आता."

ही हळदीची गंमतच आहे. नऊ महिने पानं ऊन खातात आणि अन्न तयार करून खाली कंदात साठवतात. काम संपलं की पानं वाळतात. वरचं संपलं असं आपल्याला वाटतं, तेव्हा खालचं भरलेलं असतं.

मार्चच्या सुरुवातीला एका रविवारी गोणी उपडी केली. मी मुद्दाम गेलो होतो. तीन कंदांचे तीन मोठे गड्डे झाले होते, बोटांसारख्या हळकुंडांनी भरलेले. माती झटकून तोलले, तर किलोला थोडे कमी. ताईनं ते उकडले, गच्चीवर वाळवले. वाळल्यावर उरले जेमतेम दोन मुठी. भाचीचं तोंड एवढंसं झालं. "एवढंच?"

"ओल्या हळदीत बरंचसं पाणीच असतं गं," आजी म्हणाल्या. "ते उडून गेलं. राहिली ती तुझी हळद."

त्या रात्रीच्या वरणात ती हळद होती. जेवताना कोणी फार बोललं नाही. पण दाजींनी दुसऱ्यांदा वरण घेतलं, आणि भाची ताटाकडे न बघता त्यांच्याकडेच बघत होती.

आणि हो, उकडण्याआधी तिनं तीन जाड गड्डे बाजूला काढून सावलीत ठेवले होते. कशासाठी? ओळखा पाहू. बरोबर, या जूनच्या बियाण्यासाठी! हळदीचं बी म्हणजे हळदच. आपलं बियाणं आपण राखायचं, ही आपल्या आजी-पणज्यांची जुनी विद्या. अहिल्यानगर जिल्ह्यात अकोले तालुक्यात कोंभाळणे नावाचं गाव आहे. तिथल्या राहीबाई पोपेरे कधी शाळेत गेल्या नाहीत. पण त्यांनी गावरान भाज्यांची आणि धान्याची शेकडो वाणं जपली, लोकांना वाटली. 'बीजमाता' म्हणून त्यांना सगळे ओळखतात. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. बियाण्याच्या एका डब्यापासून केवढं मोठं काम उभं राहतं, पाहा!

आता दोन शब्द आई-बाबांसाठी. (दोस्तांनो, तुम्हीही वाचा. चोरून नाही, उघड वाचा!)

मुलांना बागेची गोडी लागावी असं आपल्याला वाटतं आणि आपण एकदम दहा कुंड्या आणतो. मग त्या आपल्याच होतात. मुलाला एकच कुंडी द्या, पण ती पूर्ण द्या. पाणी घालायला तो विसरला तर एकदा आठवण करा, पण रात्री गुपचूप जाऊन तुम्ही पाणी घालू नका. रोप सुकलं तर सुकू द्या. स्वतःच्या हातून एक रोप गेलेलं मूल दुसऱ्या रोपाला जास्त जपतं. त्याला भाषण देऊ नका, शेजारच्या मुलाच्या कुंडीशी तुलना तर मुळीच करू नका. आणि जे पिकेल, मग ती चार पानं कोथिंबीर का असेना, ते त्या दिवशीच्या स्वयंपाकात घाला आणि ताटावर बसल्यावर सांगा, "ही हिची बरं का!" याच्याइतकं मोठं बक्षीस दुकानात मिळत नाही.

दोस्तांनो, नऊ महिने थांबायचा धीर नसेल तर आधी मेथी लावा. ती आठवड्यात दर्शन देते.

एक पसरट डबा किंवा फुटकी टोपली घ्या. डब्याला बुडाशी भोकं पाडताना मोठ्यांची मदत घ्या. त्यात वीतभर माती भरा, वर सांगितली तशी कालवून. स्वयंपाकघरातली मूठभर मेथी रात्री भिजत घाला. सकाळी ती मातीवर पसरा, वरून बोटाच्या पेराएवढी भुसभुशीत माती टाका आणि पाणी शिंपडा. ओतू नका हं, नाहीतर मेथी एका कोपऱ्यात गोळा होईल! सध्या ऊन कडक आहे, म्हणून डबा सकाळचं कोवळं ऊन आणि दुपारची सावली मिळेल असा ठेवा. तीन-चार दिवसांत कोंब दिसतील. साधारण महिन्याभरात भाजी कापता येईल.

धणेही लावून पाहा, पाऊस पडून हवा गार झाली की. पण एक गुपित सांगतो. धण्याचा एक गोल दाणा म्हणजे एक बी नव्हे, त्यात दोन बिया असतात! म्हणून धणे लाटण्यानं हलके रगडून दोन फाका करा आणि मग पेरा. यांना उगवायला आठ-दहा दिवस लागतात. तोवर उकरून बघायचं नाही. आठवतात ना आमचे बंधुराज?

एका वहीत तारीख घालून लिहून ठेवा: कधी पेरलं, कधी उगवलं, पाणी कुठलं घातलं, काय बिघडलं. उगवलं नाही तर तेही लिहा आणि आम्हाला कळवा. न उगवलेल्या मेथीची पत्रंही आम्ही तितक्याच आवडीनं वाचू.

परवाच भाचीचा फोन आला होता. बियाण्याच्या गड्ड्यांना डोळे फुटले आहेत. या वर्षी दोन गोण्या भरायच्या ठरल्यात, एक तिची, एक बंधुराजांची.

"आणि बाबांना?" मी विचारलं.

"त्यांना एक कुंडी देणार आहोत मामा," ती म्हणाली, "पण त्यांनी नीट सांभाळली तरच!"