घर विकायचंय? रंगाआधी मिळकत पत्रिका बघा

घर विकायला काढलं की पहिला खर्च होतो रंगावर. बुलढाणा जिल्ह्यातल्या गावठाणात मात्र सौदा अडतो तो कागदावर. अनेकांकडे असतो फक्त ग्रामपंचायतीचा नमुना ८. तो कर आकारणीचा उतारा, मालकीचा पुरावा नव्हे. त्यामुळे कर्ज काढून घर घेणारं गिऱ्हाईक अनेकदा बँकेतूनच परत फिरतं.

ही उणीव भरायला २४ एप्रिल २०२० रोजी स्वामित्व योजना सुरू झाली. ड्रोनने गावठाण मोजायचं, चौकशी करायची, मग सनद आणि मिळकत पत्रिका द्यायची. १८ जानेवारी २०२५ रोजी महाराष्ट्रासह देशभरात ६५ लाखांहून अधिक पत्रिकांचं वाटप झालं.

पण पत्रिका आली म्हणजे काम संपलं नाही. तिच्यावर वारलेल्या आजोबांचंच नाव असेल, तर वारसनोंद आधी हवी आणि विक्रीला आत्या-बहिणींसह सगळ्या हिस्सेदारांच्या सह्याही. घाईत राहून जातं ते नेमकं हेच. म्हणून तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातून पत्रिका काढून नाव, क्षेत्र आणि नकाशा जुळवून घ्यावा. रंगारी नंतर बोलवावा.

संग्रामपूर, जळगाव जामोदच्या खारपाणपट्ट्यात तर गिऱ्हाईक भिंतीआधी पाण्याचं विचारतं. तिथे नळजोडणी मालकाच्या नावावर करून पाणीपट्टीची पावती कागदांत वरच ठेवावी.