दाराच्या चौकटीवरील मजकुराविषयी

राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासन, वॉशिंग्टन, यांच्या मुख्य प्रशासकांस अनावृत पत्र

महोदय,

अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या प्रत्येक पिकअपच्या चालकाकडील दाराच्या चौकटीवर आपल्या खात्याच्या नियमान्वये एक लहानसा फलक चिकटवलेला असतो, आणि त्यावर टायरचे माप, थंड टायरमधील हवेचा दाब व माणसे आणि माल मिळून गाडीने वाहावयाच्या भाराची कमाल मर्यादा नमूद असते. तो मजकूर या देशातील पुष्कळ गाड्यांवर आज खोटा ठरला आहे, आणि तो खोटा ठरल्याची नोंद कोणत्याही दप्तरात होत नाही, ही कैफियत मांडण्यासाठी हे पत्र आहे. ते मराठीत लिहितो आहे, कारण इकडच्या उपनगरांत स्थायिक झालेल्या ज्या मराठी कुटुंबांच्या दारात आता पिकअप उभी असते, त्यांच्याही नजरेखालून ते जावे अशी इच्छा आहे. आपल्या कचेरीत दुभाष्यांची वानवा नसावी.

कारखान्यातून निघालेली पिकअप पुढच्या बाजूस किंचित झुकलेली असते. हौद्यात भार पडला किंवा मागे ट्रेलर जोडला म्हणजे मागची बाजू दबावी आणि गाडी समतल व्हावी, हा अभियंत्यांचा हिशेब त्या उतारामागे असतो. परंतु ज्यांच्या हौद्यात बागेसाठी आणलेल्या मातीच्या चार पिशव्यांपलीकडे काही पडत नाही, अशा मालकांच्या डोळ्यांना तो उतार खुपतो, आणि मग पुढच्या स्ट्रटच्या माथ्यावर दोनएक इंच उचल देणारी चकती बसवून गाडी ‘लेव्हल’ करून घेण्यात येते. अशा गाडीत पुढे कधी खरोखरच भार भरला, तर आमच्याकडील गाडीवान जिला ‘गाडी उलाळ झाली’ म्हणतात तीच अवस्था तिला येते, आणि दिव्यांचा झोत समोरून येणाऱ्याच्या थेट डोळ्यांत जातो. तरीही प्रकरण एवढ्यावर थांबते तर मी आपणांस तसदी दिली नसती. नाक वर उचलले की चाकाभोवतीची पोकळी डोळ्यांत भरू लागते, आणि ती भरून काढण्यासाठी मोठे टायर व रुंद रिम येतात.

मूळचा टायर २७५/६५ आर १८ या मापाचा, म्हणजे सुमारे ३२ इंच व्यासाचा असेल, तर त्याच्या जागी ३५ इंची बसवण्याकडे बहुतेकांचा ओढा असतो. गाडी जॅकवरून उतरवून कारागीर स्टिअरिंग शेवटपर्यंत वळवतो आणि गाडी हलके हलके मागेपुढे घेतो, तेव्हा टायरची कड आतल्या प्लास्टिकच्या अस्तराला लागून खरखर उमटते. मग ते अस्तर हीट गनने मऊ करून मागे दाबतात, तेवढ्याने भागले नाही तर त्यामागील पत्र्याची शिवण हातोड्याने चपटी करतात, आणि काही गाड्यांत तर केबिन ज्या आधारावर सांगाड्याला टेकते त्या आधाराचा कोपराच कापून वेल्डिंगने पुन्हा बंद करतात. आतल्या बाजूस टायर कंट्रोल आर्मला भिडू नये म्हणून कमी ऑफसेटची रिम घालावी, तर चाक बाहेर सरकते आणि वळताना त्याचा फेर इतका वाढतो की पूर्वी निर्वेध असलेला बंपरचा कोपरा आडवा येतो. एका जागेचे घर्षण दुसऱ्या जागी नेऊन अखेर नाहीसे करण्याची ही विद्या मोठ्या कसबाची आहे, आणि ती जाणणाऱ्या कारागिरांविषयी माझ्या मनात आदरच आहे.

परंतु जे घासते ते ऐकू येते. जे बिघडते ते सारेच ऐकू येत नाही. संगणकातील टायरचे माप बदलून घेतले नाही, तर वेगदर्शकाचा काटा ६० मैलांवर असताना गाडी ६५ च्या पुढे धावत असते. जड चाक थांबवण्यास ब्रेकला अधिक श्रम पडतात. आणि हवेचा दाब? तितकाच भार पेलण्यासाठी नव्या टायरला निराळा, काही मापांत अधिक दाब लागतो. मात्र धोक्याचा दिवा फलकावरील जुन्या दाबाशीच इमान राखून, त्यात २५ टक्के घट झाल्यावर लागतो. हा दिवा गाडीत आला कसा, हे आपल्या खात्यास मी सांगावयास नको. ऑगस्ट २००० मध्ये फायरस्टोनने सुमारे ६५ लाख टायर परत मागवले, असे टायर असलेल्या फोर्ड एक्स्प्लोरर गाड्या उलटून माणसे दगावल्याच्या वार्तांनी देश हादरला, आणि त्याच वर्षी काँग्रेसने जो कायदा केला त्यातून हा दिवा अनिवार्य झाला. त्या वादात एक मोठा मुद्दा हवेचा दाब किती असावा हाच होता.

आता कायद्याची विसंगती पाहावी. हेच काम विक्रेत्याने गाडीच्या पहिल्या विक्रीपूर्वी केले, तर फेरफार करणाऱ्याचा स्वतंत्र दाखला गाडीवर लावावा लागतो, आणि वाढीव वजन १०० पौंडांहून अधिक झाले तर भाराचा आकडाही दुरुस्त करावा लागतो. तेच काम विक्रीच्या दुसऱ्या दिवशी रस्त्यापलीकडील दुकानात केले, तर कसल्याही चिठ्ठीची गरज उरत नाही. त्या दुकानदाराने सुरक्षेचे साधन जाणूनबुजून निकामी करू नये एवढे बंधन आहे खरे, पण मालकाने स्वतःच्या अंगणात तेच केले तर त्याला तेही लागू नाही. आणि गाडी तिसऱ्याच्या हाती विकली गेली, म्हणजे त्या बिचाऱ्यापाशी चौकटीवरील जुना फलक एवढाच काय तो आधार.

सरसकट बंदी घाला, असे माझे म्हणणे नाही. भारतात १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाने कारखान्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरफारास मनाई केली आहे, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली; परंतु नुसत्या मनाईने माणसाची हौस मिटते असे मला वाटत नाही. आमच्या उत्तर कॅरोलायनाने २०२१ मध्ये पुढचे मडगार्ड मागच्यापेक्षा चार इंच वा अधिक उंच करण्यास बंदी केली, ती योग्यच होती, पण निव्वळ लेव्हल केलेली गाडी त्या कायद्याच्या कक्षेत येतच नाही. दोन इंच चकतीचे आणि दीड इंच टायरचे, असे साडेतीन इंच बॉनेट वर जाते. आणि ४० इंचांहून उंच बॉनेटच्या गाड्यांच्या धडकेत पादचारी दगावण्याचा संभव, ३० इंच वा त्याहून कमी उंचीच्या उतरत्या बॉनेटच्या गाड्यांपेक्षा सुमारे ४५ टक्के अधिक असल्याचे विमा कंपन्यांच्या महामार्ग सुरक्षा संस्थेने २०२३ मध्ये दाखवून दिले आहे. हा धोका गाडीवर नवी चिठ्ठी लावून टळणार नाही, हे मला मान्य आहे. त्यासाठी निराळा विचार व्हावयास हवा.

माझी मागणी याहून लहान आहे. मोबदला घेऊन टायरचे माप वा गाडीची उंची बदलणाऱ्या प्रत्येक दुकानाने जुन्या फलकाशेजारी दुसरा फलक लावावा, आणि त्यावर नवे माप, त्या मापाचा दाब, वेगदर्शक व हवेच्या दाबाचा दिवा दुरुस्त केला की नाही, दिव्यांचा झोत व चालकास साहाय्य करणाऱ्या यंत्रणेचा पुढचा कॅमेरा पुन्हा जुळवला की नाही, एवढे लिहून सहीशिक्का करावा. चालू गाड्यांवर असे बंधन घालण्याचा अधिकार आपणांस नाही, असे आपले कायदेशीर सल्लागार म्हणतील, तर तो काँग्रेसकडे मागावा. आणि तोवर निदान फलकाचा एक नमुना खात्याच्या नावाने छापून ऐच्छिक म्हणून उपलब्ध करावा. नेटके काम करणारी दुकाने तो आनंदाने लावतील, आणि जुनी पिकअप घेणारा माणूस दार उघडताच प्रथम तो शोधील.



आपला,
उत्तर कॅरोलायनातील एक मराठी रहिवासी