खोटे नेमके कोणते?

'माझ्या नवऱ्याची बायको' ही मालिका २०१६ ते २०२१ या काळात झी मराठीवर चालली. नायिका राधिका विदर्भातली. तिची बोली आसेगावसारख्या वऱ्हाडी गावाला परकी वाटणारी नव्हे. मसाल्याच्या धंद्यातून ती कोट्यवधींच्या उद्योगाची मालकीण झाली, तेव्हा प्रेक्षकांनी टर उडवली: असे कुठे घडते? मात्र गुरुनाथ पत्नीला फसवीत राहिला, ते पुष्कळ घरांत करमणूक म्हणून पाहिले गेले. शिव्यांची लाखोली वाहिली गेली ती शनायेला!

आज आपली मुले कोरियन मालिका पाहतात. 'बॉईज ओव्हर फ्लॉवर्स' (२००९) या मालिकेत धनाढ्य नायक सामान्य घरातल्या नायिकेचा शाळेत छळ मांडतो आणि पुढे तोच तिचा प्रियकर ठरतो. तिथेही आपण हसतो ते त्याच्या श्रीमंतीच्या थाटाला.

'करमणूकच ती, एवढे काय मनावर घ्यायचे?' असे कोणी म्हणेल. मग कोट्यवधींचा हिशेब तरी का तपासता? अशक्य योगायोगाने कुणाचे घर मोडत नाही. छळ म्हणजे प्रेम आणि फसवणूक म्हणजे गंमत, हे असत्य मात्र घरात मुक्कामाला येते.

मालिका बंद करा, असे माझे म्हणणे नाही. मुलांसोबत बसून पाहा आणि एकच प्रश्न मोठ्याने विचारा: हा मुलगा आपल्या लेकीला मागणी घालायला आला, तर आपण होकार देऊ का?