संदेशाखाली नाव कोणाचे?

दहावीचा निकाल लागला की 'कोकण विभाग राज्यात पहिला' हे वाक्य बातमीदाराने आधीच लिहून ठेवावे, इतके ते आता ठरून गेले आहे. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांचे विभागीय मंडळ स्वतंत्र झाल्यापासून त्याने हा मान सोडलेला नाही. अभिमान वाटावा अशीच ही गोष्ट आहे. परंतु याच गुणवंत मुलांच्या हाती दिवसभरात जे संदेश, जी छायाचित्रे आणि ज्या चित्रफिती येऊन पडतात, त्यांतले खरे कोणते आणि रचलेले कोणते हे ओळखण्याची परीक्षा मात्र मंडळ घेत नाही. उताऱ्यावरील प्रश्नांची उत्तरे आमची मुले सुरेख लिहितात. उतारा लिहिला कोणी आणि कशासाठी, हे त्यांना कोणी विचारीत नाही.

२०२० साली शाळा बंद झाल्या आणि ज्या वस्तूपासून मुलांना दूर ठेवण्यासाठी पालक व शिक्षक झटत होते, तीच वस्तू त्यांनी मुलांच्या हाती दिली. रेंज मिळावी म्हणून कोकणातली मुले वही-पेन घेऊन डोंगर चढली. त्या काळात मोबाइल ही चैन नव्हती, ती शाळाच होती. पुढे शाळा उघडल्या, पण मोबाइल परत गेला नाही, आणि तो कसा वाचावा हे शिकवायचे राहून गेले. त्यामुळे 'मोबाइल वाईट' एवढ्यावर थांबणारे व्याख्यान आता निरुपयोगी आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

हा प्रश्न केवळ अभ्यासातल्या व्यत्ययाचा नाही. त्यात माणसांचे जीव गेले आहेत. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात, राईनपाडा येथे आठवडी बाजाराच्या दिवशी नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठेचून मारले. मुले पळविणारी टोळी आली आहे, असे संदेश त्या भागात कित्येक दिवस फिरत होते. अनोळखी माणसे दिसली आणि संशयाला देह मिळाला. त्या वर्षी देशभर फिरलेल्या अशा चित्रफितींपैकी एक तर मुळात कराचीतील बालसुरक्षेच्या जनजागृतीसाठी तयार केलेली होती. शेवटी ती केवळ दाखविण्यासाठी घडवल्याचे सांगणारा भाग होता. कोणीतरी तेवढाच कापून टाकला. असत्य बोलण्यासाठी नवे काही रचावे लागले नाही, सत्याचे शेपूट तोडले की पुरले. त्याच जुलै महिन्यात व्हॉट्सॲपने संदेश पुढे पाठविण्यावर भारतात पाच गटांची मर्यादा घातली आणि वाचकांना सावध करण्यासाठी वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती दिल्या. विश्वास हवा होता तेव्हा त्या कंपनीलाही छापील कागदाकडेच यावे लागले, याची आम्ही नोंद घेतो.

पुढे १६ एप्रिल २०२० रोजी, टाळेबंदीच्या काळात, पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे दोन साधू आणि त्यांचा वाहनचालक अशाच अफवांनी भडकलेल्या जमावाच्या हातून मारले गेले. या घटनेत विद्यार्थ्यांना शिकविण्याजोगा भाग नंतरचा आहे. चित्रफितीत कोणीतरी 'ओय बस' असे ओरडते. ते 'शोएब' असे ऐकवून एका धर्मसमाजाच्या माथी हत्या मारण्याचा प्रयत्न झाला. काहींनी मिशनऱ्यांकडेही बोट दाखविले. तत्कालीन गृहमंत्री अनिल देशमुख यांना अटक झालेल्या १०१ जणांची यादी जाहीर करून त्यांत एकही मुस्लिम नाही, हे सांगावे लागले. म्हणजे पहिल्या अफवेने तीन माणसे मारली आणि त्या मृतांच्या अंगावर उभी राहून दुसरी अफवा आणखी माणसे शोधू लागली.

राईनपाड्याचा संदेश प्रथम कोणी लिहिला? त्याखाली नाव नव्हते. आम्हांस येथेच प्रश्नाचे मूळ दिसते. वर्तमानपत्राच्या शेवटच्या पानावर तळाशी बारीक अक्षरांतली एक ओळ असते. मुद्रक कोण, प्रकाशक कोण, संपादक कोण, छापले कोठे. १८६७ च्या कायद्याने ही नावे छापणे बंधनकारक केले आणि १ मार्च २०२४ पासून त्या कायद्याची जागा नव्या कायद्याने घेतली. ती ओळ सहसा कोणी वाचीत नाही. परंतु तिचा अर्थ असा की, या मजकुराबद्दल जाब विचारायचा असेल तर तो कोणाला, हे ठाऊक आहे. पुढे ढकललेल्या संदेशाला अशी ओळ नसते, आणि ज्याला कोणी जबाबदार नाही तो मजकूर ढकलणाऱ्या प्रत्येकाच्या नावावर जमा होतो.

या ओळीचे मोल कोकणाला शिकवावे लागू नये. मराठीतले पहिले वृत्तपत्र 'दर्पण' ६ जानेवारी १८३२ रोजी काढणारे बाळशास्त्री जांभेकर हे पोंभुर्ल्याचे. ते गाव आज सिंधुदुर्गात मोडते. 'केसरी'तील लेखांसाठी तुरुंगात गेलेले लोकमान्य टिळक रत्नागिरीत जन्मले. आणि अगदी अलीकडे, ६ फेब्रुवारी २०२३ रोजी, राजापूरचे पत्रकार शशिकांत वारिशे यांची बारसू येथील नियोजित तेलशुद्धीकरण प्रकल्पाशी निगडित बातमी सकाळी 'महानगरी टाइम्स'मध्ये प्रसिद्ध झाली. त्याच दिवशी त्यांच्या दुचाकीला एका मोटारीने धडक दिली आणि दुसऱ्या दिवशी त्यांचे निधन झाले. ज्या व्यक्तीविषयी ती बातमी होती, तिलाच या प्रकरणी अटक झाली आणि पुढे खुनाचा गुन्हा लावण्यात आला. प्रकल्प हवा की नको, याविषयी राजापुरात घराघरांत मतभेद आहेत आणि त्यांत पडण्याचे हे स्थान नव्हे. मात्र त्या काळात दोन्ही बाजूंनी संदेशांचा पूर आला असता एक माणूस आपल्या नावानिशी लिहीत होता, एवढे आमच्या महाविद्यालयीन तरुणांनी ध्यानात ठेवावे.

नाव छापले की मजकूर पवित्र झाला, असे मात्र कोणी समजू नये. २००९ च्या निवडणुकांत महाराष्ट्रात 'पेड न्यूज'ची जी चर्चा झाली, तिने छापील शब्दही विकला जातो हे दाखवून दिले. फरक एवढाच की, तेथे नाव आणि तारीख असल्यामुळे पुढे चौकशी करता आली.

ख्रिस्तसभेला हा विषय नवा नाही. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी संपर्कमाध्यमांविषयीचा जाहीरनामा प्रसिद्ध केला, तेव्हाच त्यात तरुणांना माध्यमांच्या वापराचे शिक्षण देण्याचा आग्रह धरला होता. पोप फ्रान्सिस यांनी २०१८ च्या जागतिक संपर्कमाध्यम दिनाचा संदेश खोट्या बातम्यांवरच लिहिला आणि एदेन बागेतील सर्पापासून त्याची मांडणी केली. पण धर्मशिक्षणाच्या वर्गात आठवी आज्ञा शिकविताना आपण बहुधा 'खोटे बोलू नये' येथेच थांबतो. ख्रिस्तसभेची शिकवण त्याहून बारीक आहे. पुरेसा आधार नसताना दुसऱ्याचा दोष मनात खरा धरणे, हा एक अपराध. खोटे सांगून त्याचे नाव बुडविणे, हा दुसरा. आणि योग्य कारण नसताना त्याचा खरा दोष तिऱ्हाइताला सांगणे, हाही अपराधच. या शेवटच्या प्रकाराकडे आम्ही शिक्षकांचे विशेष लक्ष वेधू इच्छितो, कारण विद्यार्थ्यांच्या जगात तोच सर्वाधिक घडतो. वर्गातल्या मुलीने मैत्रिणीला विश्वासाने लिहिलेल्या दोन ओळींचा स्क्रीनशॉट गटावर टाकणारा मुलगा 'पण हे खरेच आहे' असे म्हणतो. ते खरे असते. आणि तरीही त्याने शेजाऱ्याचे नाव चोरलेले असते.

आपल्या अंगणातही पाहिले पाहिजे. हा संदेश नऊ जणांना पाठवा म्हणजे कृपा होईल, असे सांगणाऱ्या नोव्हेना, पोप महोदयांच्या तोंडी घातलेली वाक्ये, कोठल्या तरी देशातले मंदिर जाळल्याची वर्षानुवर्षे जुनी चित्रे. हे सारे आमच्या धर्मग्रामांच्या गटांवर श्रद्धावंत मंडळीच पाठवितात. मुंबईचे चाकरमानी गावच्या गटावर टाकतात, गाव ते पुन्हा मुंबईला पाठविते. वडीलधाऱ्यांनी पाठविले म्हणून मूल ते खरे मानते. घरातील प्रौढांनी शिस्त लावून घेतल्याशिवाय मुलांना सांगण्याचा अधिकार कोठून येणार?

कृत्रिम बुद्धिमत्तेने हे काम अधिक अवघड केले आहे. मार्च २०२३ मध्ये पोप फ्रान्सिस शुभ्र, फुगीर कोट घालून चालल्याचे चित्र जगभर पाहिले गेले. ते यंत्राने तयार केलेले होते. पुढील वर्षीच्या संदेशात त्यांनी स्वतःच त्याकडे निर्देश केला. मे २०२५ मध्ये पोप लिओ चौदावे यांची निवड होऊन काही दिवस झाले नाहीत, तोच त्यांनी बुर्किना फासोचे अध्यक्ष इब्राहिम ट्राओरे यांना उद्देशून केलेले ३६ मिनिटांचे भाषण यूट्यूबवर आले. तसे भाषण झालेच नव्हते. चेहरा आणि आवाज हा आजवर साक्षीचा अखेरचा आधार होता. तोही गेला, तेव्हा 'मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले' हे उत्तर पुरेसे राहिलेले नाही. कोणत्या संस्थेने, कोणत्या तारखेला, कोठे प्रसिद्ध केले, हे विचारावेच लागते.

हे शिकविता येते, याचे उदाहरण दूरचे नाही. केरळमधील कन्नूर जिल्ह्यात लसीकरणाविरुद्ध पसरलेल्या अफवांमुळे पालक मुलांना लस देण्यास कचरू लागले, तेव्हा जिल्हा प्रशासनाने २०१८ मध्ये 'सत्यमेव जयते' या नावाने दीडशे सरकारी शाळांत खोट्या बातम्या ओळखण्याचे वर्ग सुरू केले. त्यासाठी महागडी यंत्रे लागली नाहीत.

आमच्या धर्मप्रांतातील शाळांनी आणि रविवारच्या धर्मशिक्षण वर्गांनी ६ जानेवारी, म्हणजे दर्पण दिन, यासाठी निवडावा, अशी आमची सूचना आहे. मुलांनी घरून त्या दिवशीचे वर्तमानपत्र आणावे आणि आठवड्यात आलेला एक संदेश वहीत उतरवून आणावा. आधी वर्तमानपत्रातली ती तळाची ओळ शोधावी. मग संदेशाखाली तसेच लिहून पाहावे : कोणी लिहिले, केव्हा, कोठले, त्याला कसे कळले. बहुतेक रकाने रिकामे राहतील. शेवटचा रकाना 'मी हा कोणाकोणाला पाठविला' असा असावा आणि तो मुलाने स्वतःच्या हाताने, सही करून भरावा.