नेतृत्वाचे वर्ग आणि हिशेबाची वही

महाराष्ट्रातील तालुक्याच्या गावांत एक नवा धंदा स्थिरावला आहे. मंगल कार्यालयाच्या दारावर फलक लागतो, दोन दिवसांच्या शिबिराचे शुल्क भरून घेतले जाते आणि जमलेल्या तरुणांना नेता कसे व्हावे हे शिकवले जाते. हस्तांदोलन किती घट्ट असावे, समोरच्याचे नाव बोलताना कितीदा उच्चारावे, व्यासपीठावर कुठे उभे राहावे, पहाटे किती वाजता उठावे, आरशासमोर स्वतःला काय बजावावे, याचे धडे होतात आणि शेवटी प्रमाणपत्र मिळते. हा धंदा कंपन्यांच्या विक्रेत्यांपुरता राहिला असता तर त्याची दखल घेण्याचे कारण नव्हते. परंतु राजकीय कार्यकर्तेही आता या वर्गांना जाऊन बसू लागले आहेत, आणि समतेचे नाव घेणाऱ्या संघटनांतूनही ‘आपल्याकडे असे काही का होत नाही?’ असा सूर निघू लागला आहे. म्हणूनच या प्रश्नाचा एकदा स्पष्ट विचार झाला पाहिजे.

या विद्येचे मूळ शोधणे कठीण नाही. डेल कार्नेगी यांनी १९१२ साली न्यूयॉर्कमध्ये यंग मेन्स ख्रिश्चन असोसिएशनच्या जागेत भाषणकलेचे वर्ग सुरू केले. मित्र कसे जोडावेत आणि लोकांवर प्रभाव कसा पाडावा हे सांगणारे त्यांचे पुस्तक १९३६ साली निघाले. अमेरिका तेव्हा महामंदीत होती, लक्षावधी माणसे बेकार होती. अशा वेळी त्या पुस्तकाने वाचकाला दिलेला संदेश एवढाच होता की, दोष परिस्थितीत शोधू नकोस. तुझे हसणे, बोलणे, वागणे सुधार, म्हणजे तुझे नशीब उघडेल. १९८९ साली स्टीफन कव्ही यांच्या सात सवयी आल्या. त्यांची भाषा अधिक गंभीर होती आणि त्यांनी चारित्र्याचाही आग्रह धरला. तरीही सुधारणेचे केंद्र एकटा माणूस हेच राहिले. त्याच्या भोवतीची व्यवस्था प्रश्नाबाहेरच ठेवली गेली.

परंतु त्याच १९३६ सालाच्या अखेरीस नेतृत्वाचा आणखी एक वर्ग अमेरिकेत भरला होता. ३० डिसेंबरला मिशिगन राज्यातील फ्लिंट येथे जनरल मोटर्सचे कामगार कारखान्यात ठाण मांडून बसले. ४४ दिवस ते हलले नाहीत. जेवणाची समिती, स्वच्छतेची समिती, पहाऱ्याची समिती अशी कामे त्यांनी वाटून घेतली. सर्वांच्या बैठका घेतल्या. यंत्रांची नासधूस होऊ दिली नाही. बाहेर स्त्रियांनी संघटित होऊन अन्न पुरवले आणि पोलिसांना तोंड दिले. ११ फेब्रुवारी १९३७ रोजी जगातील एका बलाढ्य कंपनीला कामगार संघटनेशी करार करावा लागला. त्या कामगारांना प्रभाव पाडण्याची कला कोणी शिकवली नव्हती. त्यांना झाडलोट कोणाची पाळी आहे हे ठरवता येत होते आणि ठरलेली पाळी चुकवायची नाही हे कळत होते. नेतृत्व म्हणजे काय, याची ही दोन उत्तरे एकाच देशातली आणि एकाच काळातली आहेत. चळवळीने कोणते उत्तर स्वीकारायचे, हा खरा प्रश्न आहे.

मात्र वर्ग चालवणाऱ्यांची टर उडवून हा प्रश्न सुटत नाही. डाव्या आणि समाजवादी कार्यकर्त्यांमध्ये याच्या उलट टोकाची एक समजूत रूढ आहे. ‘नेता संघर्षातून आपोआप घडतो, त्याला घडवावे लागत नाही’, असे म्हणून व्यक्तिगत शिस्तीचा विषयच टाळला जातो. ही समजूत आळसाला दिलेले तात्त्विक नाव आहे. राष्ट्र सेवा दल १९४१ साली ज्यांनी उभे केले, त्यांचा तरी असा समज नव्हता. वेळेवर शाखेत येणे, खेळणे, गाणे, अभ्यासवर्गात प्रश्न विचारणे, हातात झाडू घेणे या लहान सवयींतून जातिभेद न मानणारा तरुण घडतो, असा त्यांचा विश्वास होता. मृणाल गोरे यांना लोकांनी ‘पाणीवाली बाई’ हे नाव दिले ते वक्तृत्वामुळे नव्हे. नळ कोठे कोरडा आहे आणि तो कोणामुळे कोरडा आहे, याचा पाठपुरावा त्यांनी वर्षानुवर्षे सोडला नाही, म्हणून ते नाव मिळाले. १९७२ साली महागाईविरोधात स्त्रियांची संयुक्त समिती उभी राहिली, तेव्हा त्या समाजवादी होत्या आणि अहिल्या रांगणेकर मार्क्सवादी. पण लाटणे दोघींच्याही हातात होते. मधु लिमये यांनी लोकसभेत सरकारला जेरीस आणले ते सभागृहाचे नियम आणि कागदपत्रे यांच्या अभ्यासाच्या बळावर. आणि आणीबाणीत लोकसभेची मुदत वाढवली गेली तेव्हा, लोकांनी दिलेली मुदत संपली म्हणून, त्यांनी तुरुंगातूनच सदस्यत्वाचा राजीनामा दिला. ही माणसे सवयींनी घडली होती. त्या सवयी स्वतःची छाप पाडण्यासाठी नव्हत्या, एवढाच फरक. पण तो फरक मूलभूत आहे.

येथे एक कटू सत्य मान्य केले पाहिजे. समाजवादी चळवळीत व्यक्तिगत चारित्र्याची वाण कधीच नव्हती. साधी राहणी, तुरुंगवास, त्याग यांत तिचे नेते कोणाला हार जाणारे नव्हते. तरीही १९५२ साली विलीनीकरण, १९५५ साली फूट, १९६४ साली पुन्हा ऐक्य, १९६५ साली पुन्हा फूट, १९७१ साली पुन्हा एकत्र, १९७७ साली जनता पक्षात विसर्जन आणि १९७९ साली त्याचीही शकले, असा हा इतिहास आहे. प्रत्येक वेळी तात्त्विक कारणे होती आणि त्यांतील काही खरीही होती. परंतु बहुमताचा निर्णय पटला नाही तरी तो राबवणे, आपल्यापेक्षा वेगळे मत शेवटपर्यंत ऐकून घेणे, आपण उभे केलेले काम दुसऱ्याच्या हाती देऊन बाजूला होणे, या सवयी पुरेशा मुरल्या नव्हत्या, हे कोण नाकारील? निष्कलंक माणसे एकत्र आली की निष्कलंक संघटना आपोआप तयार होते, हा भ्रम होता. चारित्र्य व्यक्तीचे असते; त्याची पद्धत बनली नाही तर ते व्यक्तीबरोबरच संपते.

तेव्हा कार्यकर्त्याने अंगी बाणवायच्या सवयी कोणत्या? पहिली हिशेबाची. गांधीजींनी १८९४ साली नाताळ इंडियन काँग्रेस स्थापन केली तेव्हा मिळालेल्या प्रत्येक वर्गणीची पावती आणि प्रत्येक खर्चाची नोंद ठेवण्याचा दंडक घातला. चोख हिशेबावाचून सार्वजनिक काम शुद्ध राहत नाही, हे त्यांनी आत्मकथेत आवर्जून नोंदवले आहे. आज किती शाखांत महिन्याचा जमाखर्च सभासदांपुढे वाचून दाखवला जातो? ज्याच्या खिशात वर्गणी आणि डोक्यात हिशेब, तो प्रामाणिक असला तरी संघटनेचा मालक बनतो.

दुसरी सवय इतिवृत्ताची. बैठकीत काय ठरले, कोणी करायचे आणि केव्हापर्यंत, हे तीन रकाने भरावेत आणि पुढची बैठक त्यांच्या वाचनानेच सुरू व्हावी. एवढ्याने निम्मी भाषणे कमी होतील. तिसरी सवय शेवटी बोलण्याची. अध्यक्षाने प्रथम मत मांडले की बाकीच्यांची मते त्याच्या मताची पुरवणी बनतात. नव्याने आलेला हमाल, शेतमजूर, अंगणवाडी सेविका यांना आधी बोलू द्यावे. चौथी सवय मूळ कागद वाचण्याची. माहितीचा अधिकार २००५ साली देशभर लागू झाला. तरीही शासन निर्णय न वाचता वर्तमानपत्राच्या मथळ्यावर किंवा मोबाइलवर आलेल्या मजकुरावर मोर्चा काढणारे कार्यकर्ते कमी नाहीत. अशा मोर्चाला मामलेदार एका वाक्यात निरुत्तर करतो आणि त्याची किंमत मागे उभ्या असलेल्या गरिबाला मोजावी लागते.

पाचवी सवय सर्वांत अवघड: जागा सोडण्याची. महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक स्वराज्य संस्थांत स्त्रियांना ५० टक्के आरक्षण आहे. तरीही निवडून आलेली सरपंच बाजूला आणि तिचा पती खुर्चीवर, हे दृश्य गावोगाव दिसते. त्यावर टीका करणाऱ्या कार्यकर्त्याने स्वतःच्या घराकडेही पाहावे. त्याची चळवळ चालते ती अनेकदा पत्नीच्या पगारावर, तिच्या स्वयंपाकावर आणि तिने एकटीने उपसलेल्या मुलांच्या आजारपणावर. तिला बैठकीत जागा नसते. बैठकीला आलेल्यांना चहा मात्र तिनेच द्यायचा असतो. समतेचा पहिला अभ्यासवर्ग या घरात भरत नसेल तर चौकातल्या भाषणाला काय अर्थ?

यावर आक्षेप येईल की, या सगळ्या कारकुनी गोष्टी आहेत. वह्या लिहून क्रांती होत नाही. खरे आहे. वह्या लिहून क्रांती होत नाही. पण ज्यांना वर्गणीची वही सांभाळता येत नाही त्यांच्या हाती जनतेने राज्याची तिजोरी का द्यावी, याचेही उत्तर आक्षेपकांनी द्यावे. दुसरा आक्षेप असा की, समोर अफाट पैसा आणि प्रचारयंत्रणा असताना असल्या सवयी काय कामाच्या? उलट म्हणूनच त्या लागतात. वाढदिवसाचे फलक, भाड्याची गर्दी, छायाचित्रांचा भडिमार या स्पर्धेत गरिबांचा पक्ष कधीच जिंकणार नाही. त्याच्यापाशी एकच भांडवल आहे, लोकांचा विश्वास. आणि तो दिलेल्या वेळेला पोहोचून, दिलेला शब्द पाळून, झालेली चूक भर बैठकीत कबूल करूनच जमतो.

नेतृत्वाची एक साधी कसोटी आहे. नेता तीन महिने गैरहजर राहिला तर काम चालते की थांबते? जून १९७५ मध्ये ही कसोटी इतिहासाने स्वतःच लावली. एका रात्रीत धरपकड सुरू झाली, पुढे हजारो कार्यकर्ते गजाआड गेले आणि शाखेशाखेपुढे एकच प्रश्न उभा राहिला: आता पत्रके कोण वाटणार, तुरुंगात गेलेल्यांच्या घरी कोण जाणार? अशा प्रसंगी दोन दिवसांच्या वर्गाचे प्रमाणपत्र उपयोगी पडत नाही. काम वाटून देण्याची सवय जिथे असते तिथे दुसरा हात पुढे येतो. ती नसते तिथे कचेरीला कुलूप लागते. असा प्रसंग पुन्हा केव्हा येईल हे कोणी सांगू शकत नाही. तो येण्यापूर्वी प्रत्येक शाखेने आपली वही उघडावी, आणि शेवटच्या बैठकीत जे ठरले होते त्यातले काय झाले, हे मोठ्याने वाचावे.