पाच गोळ्या झेलणारा शिपाई: कोल्ट, अ‍ॅडम्स आणि एक सोयीचा किस्सा

१८५७च्या शस्त्रांचा विषय निघाला की एक किस्सा हमखास पुढे येतो. नेमबाजीचा अभिमान बाळगणारा एक इंग्रज अधिकारी, हातात कोल्टचे नेव्ही रिव्हॉल्व्हर. समोरून तलवार उगारून येणारा बंडवाला शिपाई. गोळ्या एकामागून एक छातीत शिरतात, आरपार जातात, शिपाई थांबत नाही आणि अधिकाऱ्याच्याच मस्तकाची शकले होतात. निष्कर्ष तयारच असतो: कोल्ट जुनाट आणि बारीक गोळीचे, अ‍ॅडम्स आधुनिक आणि जाड गोळीचे; शहाण्याने दुसरे घ्यावे.

हा किस्सा पुरावा म्हणून मांडणे आता पुरे झाले.

निवडीचा प्रश्न मात्र खरा होता. अधिकारी पिस्तूल बहुधा स्वतःच्या पैशाने घेत, म्हणून आवडनिवडही ज्याची त्याची. कोल्टची मूळ रचना १८३६च्या अमेरिकी पेटंटातली. दर बारास अंगठ्याने घोडा चढवायचा. सहा बार, ०.३६ इंचाची गोळी. रॉबर्ट अ‍ॅडम्सचे १८५१चे रिव्हॉल्व्हर पाच बारांचे. त्याचा सांगाडा नळीसह एकसंध असे आणि नुसता चाप ओढला की बार उडे. झटापटीत हे सोयीचे. पण चाप जड असल्याने दूरचा नेम ढळे. आरंभीच्या अ‍ॅडम्सला गोळी ठासायची दांडीच नव्हती. गोळी बोटाने दाबून बसवायची आणि ती वाटेत निसटणार नाही अशी आशा करायची! १८५६मध्ये बोमाँट या लष्करी इंजिनिअरच्या सुधारणेने दोन्ही रीती एकाच शस्त्रात आल्या.

आता ‘आधुनिक’ कोणते, ते सांगा. कोल्टने १८५३मध्ये लंडनच्या पिम्लिको भागात कारखाना थाटला. तिथे यंत्रे एकसारखे भाग घडवत. अ‍ॅडम्सचा भर अधिक कारागिराच्या कानशीवर होता. म्हणजे चालवण्याच्या रीतीत अ‍ॅडम्स पुढे, घडवण्याच्या रीतीत कोल्ट. मला विचाराल तर मी बोमाँट-अ‍ॅडम्सला कौल देईन, तो एकसंध सांगाड्यासाठी आणि दुहेरी चापासाठी. (अर्थात, आपल्या पणजोबांना हा प्रश्न कुणी विचारलाच नसता. १८७८च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाला परवान्याची अट घातली आणि युरोपीयांना तीतून सूट दिली.)

या निवडीसाठी त्या किश्श्याची गरजच नाही. तो सांगितला जॉर्ज फॉस्बरीने, बंडानंतर सुमारे चाळीस वर्षांनी. अधिकाऱ्याचे नाव नाही, स्थळ नाही, तारीख नाही. फॉस्बरी हा हिंदुस्थानात लढलेला, व्हिक्टोरिया क्रॉस मिळवलेला सैनिक. शिवाय १८९५मध्ये त्याने स्वतःच्या स्वयंचलित रिव्हॉल्व्हरचे पेटंट घेतले होते आणि वेब्ली कंपनीने ते जाड गोळीसाठी बनवले. तो खोटे बोलला असा माझा आरोप नाही. पण मोठ्या गोळीचे रिव्हॉल्व्हर घडवणाऱ्याने बारीक गोळीची फजिती सांगावी, आणि आपण ती साक्ष म्हणून लिहून घ्यावी?

अधिक खटकते ते पुढचे. गोऱ्या शत्रूला जी गोळी पुरते ती ‘रानटी’ माणसाला पुरत नाही, हा समज त्या काळी सर्रास होता. कलकत्त्याजवळच्या दमदम येथे, शरीरात शिरताच पसरणारी गोळी बनली ती याच युक्तिवादावर. १८९९मध्ये हेग येथे अशा गोळ्यांवर बंदी घालण्याचा विषय निघाला, तेव्हा ब्रिटिश प्रतिनिधी सर जॉन अर्डा यांनी नेमका तोच युक्तिवाद केला: सुसंस्कृत सैनिक जखमी होताच थांबतो, रानटी माणूस धावतच राहतो. आपली मुले ‘स्टॉपिंग पॉवर’ म्हणून मोठ्या हौसेने फॉस्बरीचा किस्सा फिरवतात, तेव्हा त्या शिपायाला याच रांगेत उभे करतात.

हेगची बंदी ब्रिटनने मान्य केली ती १९०७मध्ये.